ट्रक-बस चालकांची दारू आणि ड्रग चाचणी: नियम मालकाने पाळले तर चालकही वाचतो

गार्डन_स्टेटकर:

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीतल्या एका मध्यम आकाराच्या ट्रक कंपनीत मी बरीच वर्षं सेफ्टी आणि कम्प्लायन्सचं काम बघतो. हल्ली आपली मराठी मंडळीही या धंद्यात उतरू लागली आहेत. कोणी एक ट्रॅक्टर-ट्रेलर घेतो, कोणी शटल बस चालवतो. परवाना, विमा, डिझेलचा हिशोब सगळा चोख असतो. चाचण्यांचं विचारलं की मात्र "ते एजन्सी बघते" असं उत्तर मिळतं. एजन्सी फक्त काम करून देते. कायद्यासमोर उभा राहतो तो मालक, आणि मालकाच्या ढिलाईचा भुर्दंड बऱ्याचदा चालकाच्या परवान्यावर बसतो. म्हणून हा धागा.

आधी हे नियम आले कुठून ते. ४ जानेवारी १९८७ रोजी मेरीलँडमधल्या चेस या गावाजवळ कॉनरेल या मालवाहू रेल्वे कंपनीची इंजिनं सिग्नल मोडून पुढे आली आणि ॲमट्रॅकची प्रवासी गाडी त्यांच्यावर आदळली. १६ माणसं गेली. इंजिनावरच्या कर्मचाऱ्यांनी गांजा ओढला होता हे तपासात निघालं. २८ ऑगस्ट १९९१ रोजी न्यूयॉर्कमध्ये युनियन स्क्वेअरजवळ सबवे रुळावरून घसरली, ५ जण गेले, मोटरमन दारू प्यायलेला होता. त्यानंतर दोनच महिन्यांत वाहतूक कर्मचाऱ्यांच्या चाचणीचा कायदा झाला. त्यातून विमान, रेल्वे, बस, ट्रक, पाइपलाइन अशा प्रत्येक क्षेत्राचे वेगळे नियम आले. नमुना कसा घ्यायचा, कसा तपासायचा, निकाल कोणी कोणाला सांगायचा हे मात्र सगळ्यांना एकाच पुस्तकातून लागू होतं, ते म्हणजे डीओटीच्या, म्हणजे अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या, नियमांचा भाग ४०. ट्रक-बसवाल्यांसाठी त्याच्या जोडीला भाग ३८२.

लागू कोणाला? सीडीएल, म्हणजे व्यावसायिक वाहन चालवण्याचा परवाना, लागणारं वाहन जो चालवतो त्याला. म्हणजे २६,००१ पौंड किंवा त्याहून जास्त वजनक्षमतेचं वाहन, चालक धरून १६ किंवा जास्त माणसांची बस, किंवा फलक लावावा लागेल इतका धोकादायक माल. पूर्णवेळ, अर्धवेळ, मालक स्वतः, मालकाचा भाऊ, सगळे आले.

चाचण्या कधी? नोकरीवर घेण्याआधी ड्रगची. मग वर्षभर रँडम, म्हणजे अचानक निवड करून: सरासरी चालकसंख्येच्या ५० टक्के ड्रगसाठी आणि १० टक्के दारूसाठी. ड्रगचं प्रमाण १ जानेवारी २०२० पासून २५ वरून ५० झालं. पर्यवेक्षकाला सबळ संशय आला तर. अपघातानंतर. आणि एकदा नियमभंग झाला की कामावर परतताना व त्यानंतर.

अपघाताचं जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. माणूस दगावला तर चाचणी करायचीच, चूक कोणाची का असेना. कोणाला घटनास्थळावरून लगेच उपचाराला न्यावं लागलं, किंवा एखादं वाहन टो करून न्यावं लागलं, तर चाचणी केव्हा? आपल्या चालकाला वाहतूक नियम मोडल्याचं चलान मिळालं तरच. चलान नसेल तर डीओटीच्या नावाने चाचणी करताच येत नाही. "खबरदारी म्हणून करून टाकू" म्हणणारे मालक इथे नियम मोडतात.

दारूची चाचणी २ तासांत व्हायला हवी. नाही झाली तर का नाही झाली ते लिहून ठेवायचं आणि प्रयत्न चालू ठेवायचा. ८ तास उलटले की थांबायचं आणि कारण पुन्हा नोंदवायचं. ड्रगसाठी मुदत ३२ तास. अपघात दुपारी बाराला ऑफिससमोर होत नाहीत. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात, बर्फात, पहाटे तीनला होतात. त्या वेळी कोणतं केंद्र उघडं आहे हे शोधत बसलात तर २ तास तिथेच गेले. आमच्या प्रत्येक केबिनमध्ये एक कार्ड असतं: कोणाला फोन करायचा, मार्गावरची २४ तास चालणारी केंद्रं कोणती, आणि चाचणी होईपर्यंत किंवा ८ तास संपेपर्यंत दारूला हात लावायचा नाही. अपघातानंतर हादरलेला माणूस हॉटेलवर जाऊन एक पेग घेतो आणि तिथेच फसतो, म्हणून ही शेवटची ओळ ठळक छापलेली असते.

बाकीचं प्रश्न येतील तसं लिहीन.

सायली_डेटन:

अगदी वेळेवर धागा काढलात दादा. आमचा एकच ट्रक आहे, नवरा चालवतो, ऑफिस मी बघते. एकाच चालकाची रँडम निवड कशी करायची? आणि क्लिअरिंगहाऊसमध्ये, म्हणजे चालकांच्या नियमभंगांच्या त्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, आम्ही स्वतःचीच चौकशी करायची हे खरं का? उन्हाळ्यात दुसरा चालक ठेवायचा विचार आहे.

गार्डन_स्टेटकर:

सायलीताई, एकट्याचा रँडम होत नाही. त्याला तारीख आधीच माहीत असणार. म्हणून एकट्या मालक-चालकाला कन्सॉर्टियममध्ये नाव घालणं बंधनकारक आहे. तिथे अनेक कंपन्यांचे चालक एकाच यादीत असतात आणि निवड संगणक करतो. क्लिअरिंगहाऊसमध्येही तुम्ही निवडलेली टीपीए, म्हणजे चाचण्यांचं काम बघणारी एजन्सी, नोंदवावी लागते. आणि हो, वर्षातून एकदा स्वतःच्या नावाचीही चौकशी करायची. दर चौकशीला सव्वा डॉलर.

दुसऱ्या चालकाला गाडीवर बसवण्याआधी दोन गोष्टी हातात हव्यात. ड्रग चाचणीचा निगेटिव्ह निकाल, आणि क्लिअरिंगहाऊसची पूर्ण चौकशी. पूर्ण चौकशीला चालकाने त्या संकेतस्थळावर स्वतःच्या खात्यातून संमती द्यावी लागते, त्याचं खातं नसेल तर तिथेच आठवडा जातो. नंतरची वार्षिक चौकशी मर्यादित असते, तिला कागदावरची संमती चालते. मर्यादित चौकशीत "माहिती उपलब्ध आहे" असं दिसलं तर २४ तासांत पूर्ण चौकशी करायची. तेवढ्या वेळात झाली नाही तर ती होईपर्यंत त्याला गाडीवरून उतरवायचं.

डीईआर, म्हणजे निकाल घेणारी आणि माणसाला कामावरून बाजूला करणारी व्यक्ती, तुम्ही होऊ शकता. ती कंपनीचीच लागते, बाहेरच्या एजन्सीला डीईआर होता येत नाही. नवऱ्याच्या रँडमची सूचना मात्र टीपीएकडूनच येऊ द्या.

विवेक_फ्रेमाँट:

माहिती उत्तम आहे, पण माझा मूलभूत आक्षेप नोंदवतो. लघवीच्या चाचणीतून माणूस आज गाडी चालवण्याच्या अवस्थेत आहे की नाही हे कळत नाही. कॅलिफोर्नियात गांजा कायदेशीर आहे. एखाद्याने शनिवारी रात्री घरात ओढला, सोमवारी तो पूर्ण शुद्धीत आहे, आणि गुरुवारी रँडम आला की त्याची नोकरी जाते. ही सुरक्षा आहे की शिक्षा?

गार्डन_स्टेटकर:

विवेक, तुमच्या आक्षेपात तथ्य आहे. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत अंश कित्येक आठवडे सापडतात, त्यावरून त्या क्षणाची नशा सिद्ध होत नाही. दारूच्या श्वासचाचणीत ती सिद्ध होते, म्हणून दोन्हींचे नियम वेगळे आहेत. लाळेच्या नमुन्याला २०२३ मध्ये डीओटीने तत्त्वतः मान्यता दिली, त्यामागचं एक कारण हेच होतं की लाळेत अलीकडचं सेवन जास्त नेमकं दिसतं.

पण नियम आज काय आहे हे चालकाला स्वच्छ सांगणं माझं काम आहे. राज्यात कायदेशीर असला तरी डीओटीच्या चाचणीत गांजाला माफी नाही. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली तरी नाही. सीबीडी तेलाच्या बाटलीवर काहीही छापलेलं असो, त्यात टीएचसी, म्हणजे गांजातलं नशेचं द्रव्य, निघाला तर "मी फक्त गुडघ्याला लावत होतो" हे निकाल पडताळणारा डॉक्टर, म्हणजे एमआरओ, ऐकत नाही. ८० हजार पौंडांची गाडी लहान मुलांच्या व्हॅनशेजारून जाते तेव्हा संशयाचा फायदा रस्त्यावरच्या लोकांना द्यावा, असं माझं प्रामाणिक मत आहे.

निवृत्त_मोटरमन:

धागा आवडला. मी मध्य रेल्वेत लोकल चालवली. आमच्याकडे लॉबीत, म्हणजे ड्युटीची नोंद करायच्या जागी, साइन ऑन करताना मशीनमध्ये फुंक मारल्याशिवाय गाडी मिळत नाही. साइन ऑफलाही तेच. पूर्वी लॉबीतला माणूस तोंडाचा वास बघायचा, पुढे मशीन आलं आणि तेही क्रू मॅनेजमेंट सिस्टीमला जोडलं गेलं. मला विचाराल तर १० टक्के रँडमपेक्षा ही पद्धत बरी. मागे हजारो माणसं बसलेली असताना दहातल्या एकालाच तपासायचं हे मनाला पटत नाही.

गार्डन_स्टेटकर:

काका, दारूच्या बाबतीत तुमचं म्हणणं मला पटतं. रोज प्रत्येकाला तपासणं हे १० टक्क्यांपेक्षा केव्हाही भक्कम. इथे ती उणीव पर्यवेक्षकाने भरून काढायची असते. त्याला दारूच्या लक्षणांचं किमान ६० मिनिटं आणि ड्रगच्या लक्षणांचं ६० मिनिटं प्रशिक्षण सक्तीचं आहे. चाल, बोलणं, वास, वागणं यांतलं प्रत्यक्ष काय दिसलं ते त्याला लिहून द्यावं लागतं. "मला वाटलं" चालत नाही. पण बरेच पर्यवेक्षक हे टाळतात. ज्याच्याबरोबर रोज चहा घेतो त्याच्याकडे बोट कसं दाखवायचं, ही अडचण माणसाची आहे, आणि त्यावर मशीन हाच चांगला उपाय आहे.

एक विचारतो. मशीनने आकडा दाखवला आणि माणूस म्हणाला मी घेतलेली नाही, तर लॉबीत पुढे काय व्हायचं?

निवृत्त_मोटरमन:

पुन्हा फुंकायला लावायचे. पण किती वेळाने, ते लॉबीवर आणि समोरच्या साहेबावर असायचं. होमिओपॅथीच्या गोळ्या, खोकल्याचं औषध, दशमूलारिष्ट, ही नावं लॉबीत नेहमी ऐकू यायची. काही जण खोटं सांगायचे, काही खरं. खरं सांगणाऱ्याची फार ओढाताण व्हायची. २०२५ च्या फेब्रुवारीत तिरुवनंतपुरम विभागात ड्युटीआधी होमिओपॅथीची औषधं, नारळपाणी, शीतपेयं यांबद्दल परिपत्रक निघालं आणि विरोध झाल्यावर मागे घेतलं, ते वाचलं असेल.

अंजली_लॅब:

मी नाशिकला पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, इथे बोलते. तोंडात नुकतंच काही अल्कोहोलयुक्त गेलं असेल, म्हणजे माउथवॉश, आसव-अरिष्टं, होमिओपॅथीचे थेंब, तर मशीन तोंडातला अल्कोहोल मोजतं, फुप्फुसातून आलेला नाही. तो १०-१५ मिनिटांत उडून जातो. रक्तात असलेला जात नाही. म्हणून दोन चाचण्यांमध्ये १५ मिनिटांचं अंतर ही सगळी गुरुकिल्ली आहे. लगेच दुसरी फुंक मारायला लावली तर दोन्ही वेळा तीच चूक होईल आणि कागदावर ती "दोनदा पॉझिटिव्ह" अशी दिसेल.

गार्डन_स्टेटकर:

अंजलीताई, अगदी हेच. भाग ४० मध्ये पहिल्या चाचणीत श्वासातल्या अल्कोहोलचा आकडा ०.०२ किंवा जास्त आला तर किमान १५ मिनिटं थांबायचं, त्या वेळात काही खायचं-प्यायचं-तोंडात घालायचं नाही, आणि ३० मिनिटांच्या आत छापील निकाल देणाऱ्या मशीनवर दुसरी चाचणी. दुसरीचा आकडा अंतिम. तो ०.०२ ते ०.०३९ असेल तर २४ तास गाडीपासून दूर, ०.०४ आणि वर गेला तर नियमभंग. ही १५ मिनिटं घाई करून वाचवणारा तंत्रज्ञ एखाद्या निर्दोष माणसाचं आयुष्य बिघडवू शकतो.

आकाशवाटा:

विमानात केबिन क्रू आहे. आमच्याकडे डीजीसीएच्या, म्हणजे भारताच्या नागरी विमान वाहतूक नियामकाच्या, नियमात उड्डाणाआधी १२ तास दारू वर्ज्य, आणि श्वासचाचणीत शून्यच लागतं. चाचणी कॅमेऱ्यासमोर होते. पॉझिटिव्ह आलं तर १५ ते २० मिनिटांनी पुन्हा, मध्ये चूळ भरायला आणि तोंड धुवायला देतात. २०२३ च्या सुधारणेत अल्कोहोल असलेलं माउथवॉश आणि टूथ जेल वापरायचं नाही असंही स्पष्ट आलं. पहिल्यांदा सापडलं तर ३ महिने निलंबन, दुसऱ्यांदा ३ वर्षं. ड्रगची रँडम तपासणी २०२२ पासून सुरू झाली. कॅमेरा असतो याचं मला बरं वाटतं. वाद झाला तर पुरावा दोन्ही बाजूंना असतो.

शुभंकर_सॅक्रॅमेंटो:

सीडीएलचं शिक्षण चालू आहे माझं. दोन प्रश्न. १) आई दिवाळीत अनारसे पाठवते, खसखशीने ओपिएट पॉझिटिव्ह येतं म्हणतात, खरं का? २) भारतातून आणलेलं कोडीनचं खोकल्याचं औषध घेतलं तर?

गार्डन_स्टेटकर:

शुभंकर, खसखशीचा प्रश्न थट्टेचा वाटतो, पण नियम बनवणाऱ्यांनी तो मनावर घेतला आहे. पूर्वी मॉर्फिन-कोडीनची मर्यादा मिलीलिटरला ३०० नॅनोग्रॅम होती, तेव्हा खसखस खाणारेही अडकायचे. १९९८ मध्ये ती २००० केली. शिवाय १५,००० च्या खाली मॉर्फिन किंवा कोडीन निघालं आणि हेरॉइनची खूण नसेल, तर गैरवापराचा वैद्यकीय पुरावा सापडल्याशिवाय एमआरओला पॉझिटिव्ह म्हणता येत नाही. १५,००० च्या वर मात्र "मी खसखस खाल्ली" हे कारण चालत नाही. अनारसे खा, खसखशीची खीर वाटीवर वाटी रिचवून दुसऱ्या दिवशी चाचणीला जाऊ नका.

आता तुझा दुसरा प्रश्न, औषधाचा. परदेशात कायदेशीर मिळालेलं आणि योग्य आजारासाठीच घेतलेलं औषध एमआरओ ग्राह्य धरू शकतो. चिठ्ठी, बिल, डॉक्टरांचा नंबर जपून ठेव. पण ते तुझ्या नावावर हवं. बाबांच्या पाठदुखीची गोळी तू घेतलीस तर ते कारण टिकत नाही. आपल्या घरांत औषधं एकाच डब्यात असतात आणि कोणीही कोणाचं घेतं, ही सवय सीडीएलवाल्याने सोडलीच पाहिजे. भांगेचं तर विचारूच नको. महाशिवरात्र असो की होळी, ती गांजाच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एमआरओ हा डॉक्टर असतो. लॅबने पॉझिटिव्ह म्हटलं की तो आधी चालकाला फोन करतो. २४ तासांत किमान तीन वेळा प्रयत्न करतो. नाही उचलला तर डीईआरला सांगतो की त्याला मला फोन करायला सांगा. तो निरोप मिळूनही ७२ तासांत फोन केला नाही तर चालकाची बाजू न ऐकताच निकाल पॉझिटिव्ह धरता येतो. अनोळखी नंबर उचलायचा नाही ही सवय या बाबतीत घात करते. एमआरओशी बोलणं झाल्यावर दुसरी बाटली दुसऱ्या लॅबमध्ये तपासून मागायलाही ७२ तास मिळतात. नमुना ४५ मिलीलिटर घेतात तो यासाठीच. ३० एका बाटलीत, १५ दुसरीत, दोन्ही तुझ्यासमोर सीलबंद.

आणि हे मालकांनी वाचावं: एमआरओची पडताळणी पूर्ण होईपर्यंत, नुसत्या लॅबच्या पॉझिटिव्हवरून चालकाला घरी बसवायला मनाई आहे. त्यासाठी खास परवानगी लागते. का, तर एकदा माणूस अचानक गाडीवरून उतरला की संध्याकाळपर्यंत यार्डात त्याचं नाव झालेलं असतं, आणि नंतर निकाल निगेटिव्ह आला तरी ते पुसलं जात नाही.

विवेक_फ्रेमाँट:

हे मला माहीत नव्हतं. माझा आक्षेप कायम आहे, पण चालकाच्या बाजूने इतके दरवाजे ठेवले आहेत हे मान्य करतो.

अंजली_लॅब:

त्या दोन सीलबंद बाटल्यांवरून मे २०२४ मधलं कल्याणीनगरचं प्रकरण आठवलं. तिथे गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांना अटक झाली. खटल्याचं जे व्हायचं ते न्यायालयात होईल. पण आमच्या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाला तेव्हा लाज वाटली. नमुना कोणी घेतला, कोणाच्या हातात दिला, सील कोणी तोडलं याची साखळी अखंड नसेल तर लॅबमधलं सर्वात महागडं यंत्रही निरुपयोगी आहे. अमेरिकेत हे कसं बांधलं आहे ते थोडं लिहा ना.

गार्डन_स्टेटकर:

लिहितो. केंद्रात गेल्यावर ओळखपत्र दाखवायचं, जाकीट, टोपी बाहेर ठेवायची, खिसे रिकामे करून दाखवायचे. टॉयलेटच्या पाण्यात निळा रंग टाकलेला असतो. नमुना दिल्यावर ४ मिनिटांत त्याचं तापमान बघतात, ते ९० ते १०० अंश फॅरेनहाइटमध्ये हवं. बाहेर असेल तर लगेच दुसरा नमुना, तोही देखरेखीखाली. बाटल्यांवर सील चालकासमोर लावतात, तो सीलवर आद्याक्षरं घालतो, कस्टडी फॉर्मवर सही करतो. लघवी होत नसेल तर ३ तासांपर्यंत थांबायला आणि ४० औंसांपर्यंत पाणी प्यायला मिळतं.

चालकाला माझा एकच आग्रह असतो: सील लावेपर्यंत बाटलीवरून नजर हलवू नका. "सही कर आणि जा, मी नंतर लावतो" म्हणणारा, नमुना घेणारा माणूस भेटला तर तिथेच थांबा आणि मला फोन करा.

सायली_डेटन:

नवऱ्याच्या ओळखीतल्या एका चालकाला रँडमचा फोन आला, तो म्हणाला आधी घरी जाऊन जेवतो. दोन तासांनी केंद्रात पोहोचला. त्याच्या कंपनीने ते "नकार" म्हणून नोंदवलं. इतकं कडक असतं?

गार्डन_स्टेटकर:

हो. सूचना मिळाली की लगेच निघायचं. गाडी चालवत असेल तर सुरक्षित जागी थांबून, पण जेवण, अंघोळ, घर हे मध्ये येत नाही. कारण न देता उशीर करणं, केंद्र सोडून जाणं, नमुन्यात भेसळ करणं, हे सगळं नकारच आहे, आणि नकार म्हणजे पॉझिटिव्हइतकाच नियमभंग. नोकरीपूर्व चाचणीत मात्र चाचणी सुरू व्हायच्या आत निघून गेलात तर तो नकार धरत नाहीत.

पण यात मालकाचाही दोष बघा. चालक साडेपाचला ड्युटी संपवून दमून निघताना सूचना द्यायची, जवळचं केंद्र बंद, लांबचं चाळीस मैलांवर, हे मी पाहिलेलं आहे. सूचना अशा वेळी द्या की माणूस ड्युटीवर आहे, केंद्र उघडं आहे, वेळ लिहून ठेवली आहे. दारूची रँडम चाचणी तर ड्युटीच्या लगेच आधी, ड्युटीत किंवा लगेच नंतरच घेता येते.

नियमभंग झाल्यावर काय, तेही सांगतो. नकार किंवा दारूचा ०.०४ चा निकाल मालकाने तिसऱ्या कामकाजाच्या दिवसाअखेर क्लिअरिंगहाऊसमध्ये घालायचा. तो चालक मग कुठल्याच कंपनीत गाडी चालवू शकत नाही. १८ नोव्हेंबर २०२४ पासून राज्याचं परवाना खातं त्याचा सीडीएलच काढून साधा परवाना ठेवतं. परत यायचा रस्ता एसएपी, म्हणजे व्यसनाचं मूल्यमापन करणारा तज्ज्ञ, याच्याकडून जातो. तो मूल्यमापन करतो, उपचार किंवा शिक्षण ठरवतो, मग परतीची चाचणी, आणि पहिल्या १२ महिन्यांत किमान ६ अचानक चाचण्या, सगळ्या देखरेखीखाली. एसएपी हा कार्यक्रम ५ वर्षांपर्यंत वाढवू शकतो. लांबचा रस्ता आहे, पण आहे. दारू सुटलेला, या सगळ्यातून गेलेला एक चालक आमच्याकडे आहे, आणि बर्फाच्या रात्री मी त्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकतो. एका नियमभंगावर माणसाला कायमचं घालवून देणाऱ्या मालकांशी म्हणूनच माझं जमत नाही.

कळंबोली_ट्रान्सपोर्ट:

सगळं वाचलं. आमच्या बावीस गाड्या आहेत, कळंबोलीहून इंदूर, हैदराबाद लाइनवर. आमच्याकडे असा कायदा नाही, पण रात्री ढाब्यावर थांबलं की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. गोळ्या, अफूचा डोडा खाऊन जागणारेही आहेत. झोप न घेता माल पोचवायला आपणच लावतो, म्हणून ते खातात, हेही खरं आहे. मला यातलं काय करता येईल? ड्रायव्हर सोडून जातील अशी भीती वाटते.

गार्डन_स्टेटकर:

साहेब, शेवटचं वाक्य तुम्ही लिहिलंत म्हणून आधी हे सांगतो: तुमची चाचणी फेऱ्यांच्या वेळापत्रकापासून सुरू करा. दोन ड्रायव्हरचं काम एकाकडून घ्यायचं आणि मग त्याच्या लघवीत गोळी शोधायची हा अन्याय होईल.

मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ पोलिसांच्या हातात आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की पहिल्यांदा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. कलम १८८ मात्र फार थोड्या मालकांना माहीत असतं. अशा गुन्ह्याला साथ देणाऱ्यालाही तीच शिक्षा आहे. प्यायलेला आहे हे दिसत असताना चावी देणारा मॅनेजर त्यात येऊ शकतो.

यार्डातून गाडी सुटताना प्रत्येकाची श्वासचाचणी ठेवा, काकांच्या लॉबीसारखी. प्रत्येकाची म्हणजे तुमच्या मेहुण्याचीही. आकडा आला तर १५ मिनिटं बसवा, साक्षीदारासमोर दुसरी घ्या, दोन्ही पावत्या फाइलला लावा. पहिल्यांदा सापडला तर त्या दिवशी गाडी नाही, पण नोकरी आहे, हे आधीच मराठीत आणि हिंदीत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. निकाल फक्त एकाच माणसाकडे जाऊ द्या, गेटवर चर्चा नको. ड्रग चाचणीच्या वाटेला सध्या जाऊ नका. पडताळणी करणारा डॉक्टर आणि साखळी सांभाळणारी लॅब हाताशी नसताना ती केलीत तर निर्दोष माणूस भरडला जाईल.

निवृत्त_मोटरमन:

आणि मालकाने स्वतः पहिली फुंक मारावी. आमचे एक लॉबी इन्चार्ज रोज ड्युटीवर आल्यावर सगळ्यांसमोर मशीनमध्ये फुंकायचे. त्यांच्या वेळी कोणी कधी कुरकुर केली नाही.

कळंबोली_ट्रान्सपोर्ट:

पटलं. हैदराबाद लाइनला दुसरा ड्रायव्हर द्यायचं आधी बघतो, भाडं थोडं वाढवावं लागेल, पार्टीशी बोलतो. मशीन पुढच्या महिन्यात घेईन. एक सांगा, मशीन बरोबर दाखवतंय हे कसं कळायचं? ड्रायव्हर पहिला प्रश्न तोच विचारणार.

अंजली_लॅब:

पावती छापणारं, फ्युएल सेलचं मशीन घ्या, बाजारात मिळणारी स्वस्त खेळणी नकोत. विक्रेत्याकडून कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र घ्या आणि उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीला ते पुन्हा करून घ्या, एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडूनच. प्रमाणपत्राची प्रत मशीनच्या वर भिंतीवर लावा, तारीख ड्रायव्हरला वाचता येईल अशी. मुदत संपली तर त्या दिवसापासून मशीन बंद ठेवा. सॅनिटायझर मशीनजवळ ठेवू नका, त्याच्या वाफेनेही आकडा येतो. नवी मुंबईतल्या लॅबची यादी हवी असेल तर व्यनि करा, उद्या पाठवते.